मोहाचं साल

मोहाचं फूल दिसण्याआधी ऐकू येतं. मार्च संपत आलेला असतो, झाडावर एक पान नसतं, उजाडायला वेळ असतो आणि खालच्या झाडून घेतलेल्या जमिनीवर काहीतरी भरीव, ओलं पडल्याचा आवाज येत राहतो. टप. बऱ्याच वेळानं पुन्हा, टप टप. पारिजातक पडतो तेव्हा कळतही नाही. मोह वजनानं पडतो, कारण त्याच्या पाकळ्या सुट्या नसतात. त्या एकमेकींना जुळून त्यांची द्राक्षाएवढी, पिवळसर पांढरी, गुबगुबीत आणि आतून पोकळ अशी एक गोळी झालेली असते. भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढे, आमच्या गावच्या बांधावर, आजीच्या मागून दुरडी घेऊन चालताना हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हापासून वसंत म्हटलं की मला कोकीळ आठवत नाही, ही टपटप आठवते.

ताजं फूल तोंडात टाकण्याचीही रीत आहे. आतले केसर आधी झटकायचे, ते कडवट असतात. मग फूल जिभेवर ठेवून दातानं एकदाच दाबायचं. पहिल्या क्षणी उसाच्या रसासारखा पातळ, थंड गोडवा येतो. तो ओसरताच दुसरी चव वर येते, आणि तीच खरी मोहाची. पिकून काळं पडू लागलेलं केळं, पावसात भिजलेलं गवत, जनावराच्या अंगाची ऊब, असं सगळं तिच्यात एकत्र असतं. काहींना हा वास सोसत नाही. शहरातून आलेले पाहुणे पहिलं फूल थुंकतात. मला वाटतं, ज्या चवीत थोडं नकोसं काही नसतं, ती फार काळ लक्षात राहत नाही. मोहाचा वास बोटांना दुपारपर्यंत राहायचा आणि शाळेत पाटी पुसताना पुन्हा यायचा.

आमच्या बांधावर पाच झाडं होती आणि त्यांना नावं होती. साखऱ्या नावाप्रमाणे गोड. त्याची फुलं पोरं वेचतावेचताच संपवायची. कोपऱ्यातला मोह तळ्याच्या पाळीलगत. फूल मोठं, पण गोडव्याच्या मागून हलका तुरटपणा. तिसरा उशिरा फुलायचा. उरलेल्या दोघांना जोडीनं ‘जावा’ म्हणत. आजी डोळे मिटून फूल चाखायची आणि झाड सांगायची. आम्हाला तो खेळ वाटे. वाइनच्या जगात याच कौशल्याला माणसं आयुष्य वाहतात, हे मला फार उशिरा समजलं.

ते समजलं एका बाटलीमुळे. माझा पुतण्या बोटीवर नोकरीला आहे. सायप्रस बेटावरचं लिमासोल हे जहाजवाल्यांचं मोठं गाव, तिथून तो एकदा सुट्टीवर येताना कमांडारिया घेऊन आला. सायप्रस म्हणजे सव्वादोन-अडीच भंडारा जिल्हे मावतील एवढं बेट. सगळं मिळून माणसं बारा-तेरा लाख, आपल्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत होती जवळपास तेवढीच. ऊनही आपल्या ओळखीचं, कोरडं आणि भाजणारं. त्या उन्हातच कमांडारिया होते. ट्रूडोस डोंगराच्या दक्षिण उतारावरची अवघी चौदा गावं ती करू शकतात, बाकी कुणाला ते नाव लावता येत नाही. माव्रो हे काळं द्राक्ष आणि क्सिनिस्तेरी हे पांढरं, दोन्ही वेलीवर चांगली पिकू देतात, मग तोडून उघड्यावर पसरतात. आठवडाभर, कधी त्याहून जास्त. द्राक्ष सुरकुततं, पाणी उडतं, साखर घट्ट होते. मग ते पिळून आंबवतात आणि निदान दोन वर्षं ओकच्या पिंपात ठेवतात.

पुतण्यानं लहान पेल्यात ओतली. रंग जुन्या मधाचा. मी पेला नाकाशी नेला आणि मला साकोलीचं अंगण दिसलं. मनुका, अंजीर, थोडी कॉफी, हे वर्णन बाटलीवरही असतं. मला त्यात उन्हात चौथ्या दिवशीचा मोह दिसला. ओल अजून पूर्ण गेलेली नाही, रंग पिवळ्याचा तांबूस झालाय, सगळं अंगण त्या जड गोड वासानं भरलंय, आणि आजी कोंबड्या हाकत बसलीय.

गोडवा वाढवायला काही घालायचं नाही, पाणी तेवढं काढून घ्यायचं, ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक कवी हेसिओडनं द्राक्षं दहा दिवस दहा रात्री उन्हात आणि नंतर पाच दिवस सावलीत ठेवायची रीत लिहून ठेवली. त्याचा काळ अडीच हजार वर्षांहून मागचा. आपल्याकडे चरकसंहितेत आसवांची मोजदाद आहे. त्यात फुलांपासून होणाऱ्या आसवांच्या यादीत कमळाच्या जाती आहेत, धायटी आहे आणि मधूक आहे. मधूक म्हणजे आपला मोह. बांधावरचं हे झाड शास्त्रात पोचलेलं होतं, याचा मला आजही आनंद होतो.

वाळवण हा या कलेचा अर्धा भाग आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. वेचलेली फुलं त्याच सकाळी पसरावी लागतात. ढीग करून ठेवली की दुपारपर्यंत आतून तापतात आणि आंबूस होतात. थर पातळ हवा. दिवसातून दोनदा हात फिरवायचा. रात्री दव पडत असेल तर गोळा करून झाकायची. केव्हा थांबायचं, याची आजीची परीक्षा एका वाक्याची होती: “मुठीत दाबून पाय. गोरा बनला त कच्चा हाय, सुटला त झाला.” (झाडीबोलीत गोळ्याचा गोरा होतो, बाहेरच्यांना हे सांगावं लागतं.) मुठीतून सुटलेला, मनुकेसारखा लवचीक, तांबूस मोह ढोलीत जायचा आणि वर्षभर पुरायचा. त्याची भाकरीत भर पडायची, तो भाजून तिळाबरोबर कुटला जायचा, बाळंतिणीला दिला जायचा. दुष्काळात तो धान्य व्हायचा. मोह म्हटलं की फक्त दारू, हे समीकरण ज्यांनी कधी मोह वेचला नाही त्यांचं आहे.

आणि वाळवणामुळेच मोहाला साल असतं. वाइनवाले ज्याला व्हिंटेज म्हणतात, ते. आकाश निरभ्र, दिवस तापलेले, रात्री थोड्या थंड, अशी मार्चअखेर मिळाली तर फूल भरून येतं आणि सोनेरी वाळतं. ढग आले तर फूल धरत नाही. वाऱ्यानं कळ्याच झडतात. गारपीट झाली, अंगणातला मोह भिजला, तर तो काळा पडतो. पुन्हा कितीही वाळवा, त्याच्या चवीत आंबटपणाचा एक डाग राहतोच. अलीकडे वैनगंगेच्या या खोऱ्यात मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस नवा राहिलेला नाही. धानाचं नुकसान पंचनाम्यात येतं. मोहाचं साल गेलं, याची नोंद वेचणाऱ्या बायकांच्या मनातच राहते.

आता पुढचा टप्पा. वाळलेला मोह मातीच्या मडक्यात पाण्यात घालतात. वेगळं विरजण लागत नाही, फुलांवरचं आणि मडक्यातलं बुरशीचं, यीस्टचं जग काम सुरू करतं. तापत्या दिवसांत चार-पाच दिवस, थंडीत त्याहून बरेच जास्त. तोंड बांधलेल्या मडक्याला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते. फूल पहिल्यांदा ऐकू आलं होतं, ते इथे पुन्हा ऐकू येतं. या आंबलेल्या द्रवाला आमच्याकडे सडवा म्हणतात. वर्तमानपत्रात हा शब्द नेहमी एकाच वाक्यात भेटतो, इतके ड्रम सडवा नष्ट केला. त्यामुळे तो नुसता ऐकला तरी किळस येते. पण जाणत्या हातानं, स्वच्छ मडक्यात, चांगल्या सालाच्या मोहाचा सडवा फडक्यातून गाळून घेतला तर जे उतरतं तीच मोहाची वाइन. फिकट तपकिरी, गढूळ, आंबटगोड, मागे किंचित तुरट. तिच्यात फुलाचं सगळं असतं. माझं मत विचाराल तर मोहाची सर्वात पूर्ण अवस्था ही आहे, आणि आपण तिला थांबू देत नाही. तिच्याखाली लगेच चूल पेटवतो.

भट्टीची रचना साधी. खाली सडव्याचं मडकं, सांधे ओल्या मातीनं लिंपलेले, वाफ थंड करायला पाणी, धार उतरायला बांबूची नळी. इथे एक गोष्ट घडते, जिच्याकडे मी रसिकांचं लक्ष मुद्दाम वेधेन. साखर वाफेबरोबर वर जात नाही, ती मडक्यातच राहते. नळीतून येतो तो मद्यार्क आणि त्याच्या आधारानं आलेला वास. म्हणजे जंगलातल्या सर्वात गोड फुलापासून झालेली दारू मुळीच गोड नसते. गोडवा चवीतून निघून गंधात जातो. कमांडारियात उलट होतं. तिथे द्राक्षात साखर इतकी असते की मद्यार्काचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलं की यीस्ट थकतं आणि उरलेली साखर पेल्यात येते. सायप्रसमध्ये मोहाच्या दारूचं नातं शोधायचं तर ते झिवानियात. द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्याची ही दारू त्या डोंगराळ गावांमधून घरोघर गाळली जाते. पाण्यासारखी स्वच्छ आणि मुळीच गोड नसलेली.

मोहाची उत्तम दारू मी आयुष्यात मोजक्या वेळा चाखली आहे. त्यातली एक आठवण पक्की आहे. एका गोंड कुटुंबात लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाखाली, पळसाच्या पानाच्या दोन्यात ती मिळाली. यजमान आजोबांनी दोन्यातले चार थेंब आधी जमिनीला दिले, पूर्वजांचं नाव घेतलं, मग आम्ही ओठाला लावली. पळसाच्या पानाचा हिरवा वास आधी आला. त्याच्यामागून वाळलेल्या फुलाचा, ओल्या मातीचा आणि चुलीच्या धुराची एक पुसट रेघ. जिभेवर ती हलकी होती, जाळत नव्हती. घोट उतरल्यावर मात्र छातीतून वर आल्यासारखी फुलाची आठवण परतली, टाळ्याला चिकटली आणि बराच वेळ हलली नाही. गोडवा कुठेच नव्हता, तरी सगळं गोड होतं. मी दुसरा दोना मागितला नाही. असा घोट एकदाच पुरतो.

लोक ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिशीवर हात फिरवतात. मला हे कौतुक पटत नाही. पहिली धार सर्वात कडक असते हे खरं, काडी लावली तर निळी ज्योत धरते हेही खरं. पण तिच्यात जे हलके, आधी उडणारे पदार्थ येतात, त्यांचा वास रंगाच्या डब्यासारखा असतो आणि ते शरीरालाही बरे नव्हेत. शेवटची धार पाणचट, उकडलेल्या भाजीसारखी. फूल येतं मधल्या धारेत. ते धीम्या आचेवरच येतं. आच वाढली की तळाचा मोह करपतो आणि धुराची पुसट रेघ होती तिथे काजळी येते. चांगला गाळणारा जाळाकडे पाहत नाही, धारेच्या वासाकडे लक्ष ठेवतो, हे मी त्या मांडवातल्या आजोबांकडून ऐकलं.

आज ‘मोहाची’ म्हणून जे खपतं, त्यातल्या पुष्कळ बाटल्यांचा मोहाशी फारसा संबंध नसतो. काळा गूळ, नवसागर, प्लास्टिकचे ड्रम, घाई. गुळाच्या दारूचा वास सपाट आणि चिकट असतो. एकदा खरा मोह नाकात बसला की फसगत होत नाही. या दारूनं माणसं मेली आहेत, संसार बुडाले आहेत. आमच्या आळीतला, दंडार हे लोकनाट्य करणारा एक उमदा माणूस चाळिशीच्या आत गेला. त्याचा आवाज मला अजून आठवतो. गावागावांतल्या बायकांनी भट्ट्या फोडल्या त्या उगाच नाही. त्यांच्या रागाला मी मनापासून मान देतो, आणि रसाविषयी लिहिताना तो राग बाजूला ठेवता येत नाही. माझं म्हणणं त्यांच्या विरोधात नाही. पदार्थाची ओळख पुसली जाते तिथेच भेसळ शिरते. साल, झाड, धार यांचं भान असलेला समाज दोना घेऊन थांबत होता. भान गेलं आणि उरली ती फक्त नशा.

हे भान जाण्यात कायद्याचाही मोठा हात आहे. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याकडच्या लोकांना आपल्याच झाडाखालची फुलं साठवणं मुश्कील झालं. सरकारला आपल्या ठेक्याच्या दारूचं उत्पन्न सांभाळायचं होतं. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. पण १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, आणि त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा मोहफुलांच्या साठ्याकडेही संशयानं पाहत होता. गहू साठवला तर शेतकरी, मोह साठवला तर संशयित. पिढ्यान् पिढ्या असं झालं की जाणकार गप्प बसतात, कला चोरवाटेनं जगते आणि चोरवाटेवर दर्जा कोण सांभाळणार? २०२१ मध्ये राज्यानं मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सैल केले, ते योग्यच झालं. २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं काजूबोंडं आणि मोहफुलं यांपासून होणाऱ्या मद्याला ‘देशी’ ऐवजी ‘विदेशी मद्य’ हा दर्जा द्यायचं ठरवलं. हेतू चांगला होता, मोल वाढावं हा. पण त्या शब्दानं मला वेदना झाली. ज्या फुलाइतकं या मातीचं दुसरं काही नाही, त्याला मान मिळवायला परदेशी व्हावं लागलं.

शेजारी पाहिलं तर वाट दिसते. गोव्यानं काजूच्या फेणीसाठी २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं आणि गावठी म्हणून हिणवलेली फेणी आज अभिमानानं टेबलावर येते. मध्य प्रदेशनं मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हटलं आणि आदिवासी बचत गटांच्या हाती ती सोपवायला सुरुवात केली. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांच्या वाइनला दोन-अडीच दशकांत रुबाब आला. तिथे बाहेरून आणलेल्या वेलींना इतकं प्रेम मिळालं, याचा मला आनंदच आहे. कमांडारियाचं नाव धर्मयुद्धांच्या काळातल्या नाइट लोकांच्या कोलोस्सीच्या ठाण्यावरून, म्हणजे कमांडरीवरून पडलं. आठशे वर्षांत सत्ता बदलल्या, ते नाव टिकलं.  कोका, नागझिऱ्याच्या कडेची, पवनी-लाखांदूरची गावं आपल्या मोहाला गावाचं नाव कधी लावतील, असा विचार त्या रात्री पेला धुताना माझ्या मनात आला.

गेल्या मोसमात साल चांगलं गेलं. पुतण्या सुट्टीवर होता. बहिणीनं वाळलेला मोह धुऊन पाण्यात मंद आचेवर शिजवला, गाळला आणि आटवून त्याची राब केली. दारूचा थेंब नाही, नुसता फुलाचा अर्क. काकवीसारखा काळसर, दाट. कमांडारियाची तळाशी उरलेली दोन बोटं मी जपून ठेवली होती. ओसरीवर दोन्ही वाट्या शेजारी मांडल्या. कमांडारिया रुंद आहे, तिच्यात पिंपाचं लाकूड आणि वर्षं आहेत. ती जिभेवर पसरते. राब अरुंद आणि खोल जाते. तिच्यात वय नाही, एकाच उन्हाळ्याचं ऊन आहे, आणि शेवटी तोच जनावराच्या उबेचा वास. मी बहिणीला म्हटलं, “साखऱ्यानं यंदा लाज राखली.”

पुतण्यानं चमचा चाटला, थोडा थांबला. दहा वर्षं समुद्रावर काढलेला पोरगा.

“साखऱ्या नाही हा, काका,” तो म्हणाला. “मागून तुरट येते पहा. हा कोपऱ्यातला.”

बहीण आतून म्हणाली, “कोपऱ्यातलाच हाय. साखऱ्या पोरायनं खाऊन टाकला.”